एकशे दहा अंशांवर सहा तास : माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील आमचा लहानसा रसायन कारखाना गेली अनेक वर्षे उसाच्या हंगामावर चालत आला आहे. दिवाळीच्या आगेमागे गळीत सुरू झाले की जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या बाष्पीभवन संचांच्या नळ्यांत रसातील क्षारांचे थर बसू लागतात. ते थर आधी कॉस्टिक सोड्याने उकळून आणि नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन काढावे लागतात. आम्लाने क्षारांबरोबर नळीचे लोखंडही खाऊ नये म्हणून त्यात एक गंजरोधक द्रव्य मिसळतात, ज्याला कारखान्यातले सगळे नुसते ‘इन्हिबिटर’ म्हणतात. ते आम्ही बनवतो. मार्च-एप्रिलमध्ये धुराडी थंडावली की आमची रिअ‍ॅक्टरही रिकामी पडते आणि कामगारांचे पगार मात्र चालू राहतात.

२०२२ च्या चैत्रात जोतिबाच्या यात्रेसाठी माझा भाचा गुजरातेतून आला होता. तो तेलविहिरींची दुरुस्ती व उपचार करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. आमच्या आवारातील पिंपांवरची चिठ्ठी वाचून तो म्हणाला, “मामा, आमच्याकडेही हेच करतात, फक्त नळी दोन किलोमीटर लांब असते.” त्या एका वाक्यावरून जे सुरू झाले, त्याला पुढे जवळजवळ दीड वर्ष लागले.

तोपर्यंत माझी तेलविहिरीची कल्पना आपल्या मळ्यातील विहिरीपेक्षा फार वेगळी नव्हती. प्रत्यक्षात खाली तेलाचे तळे नसते. तेल आणि वायू खडकाच्या बारीक छिद्रांत असतात आणि आतल्या दाबाने विहिरीकडे सरकतात. आजूबाजूचे सगळे तेल शेवटी विहिरीला लागून असलेल्या अरुंद पट्ट्यातूनच आत येणार असल्यामुळे, खोदकामाच्या चिखलाचे कण, क्षार किंवा मेणासारखे घट्ट झालेले घटक नेमके त्या पट्ट्यात अडकले, तर मागे कितीही तेल असले तरी उत्पादन घटते. यात्रेची गर्दी डोंगरभर पसरलेली असली तरी अडते ती देवळाच्या दारातच, हे आम्हा कोल्हापूरकरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ते दार मोकळे करण्यासाठी विहिरीत आम्लमिश्रित द्रव सोडतात, आणि तो खडकाला तडे जाणार नाहीत इतक्याच दाबाने आत ढकलतात.

खडक चुनखडीचा असेल, जसा मुंबई हायच्या मुख्य साठ्यात आहे, तर १५ टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल पुरते. असे एक घनमीटर आम्ल सुमारे २२० किलो चुनखडी विरघळवते आणि वाळवीने लाकडात पाडाव्यात तशा वाटा खडकात पाडत जाते. वालुकाश्म असेल तर केवळ या आम्लाने भागत नाही. वाळूच्या कणांमधील माती विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल जोडीला लागते, आणि ते चुन्याच्या संपर्कात आले तर अविद्राव्य कॅल्शियम फ्लोराइड तयार होऊन छिद्रे उलट बुजतात, म्हणून आधी साध्या आम्लाचा एक हात फिरवून खडकातील चुना काढून टाकतात. उपचारच रोगाचे कारण होऊ शकतो, हे या व्यवसायात पावलोपावली दिसते.

ही कल्पना जुनी आहे. हर्मन फ्राश या रसायनशास्त्रज्ञाने १८९६ मध्येच चुनखडीतील विहिरींसाठी हायड्रोक्लोरिक आम्लाचे पेटंट घेतले होते. पण आम्ल विहिरीतील पोलादी नळ्याही खात असे. ती पद्धत खऱ्या अर्थाने रुजली १९३२ नंतर, जेव्हा अमेरिकेतील मिशिगन राज्यात डाऊ कंपनीच्या लोकांनी आम्लात आर्सेनिकचे संयुग गंजरोधक म्हणून मिसळले. म्हणजे सबंध धंदा उभा राहिला तो आम्ही बनवतो त्या जातीच्या वस्तूवर. हे वाचल्यावर मला नको इतका आत्मविश्वास आला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

भाच्याने त्यांच्या प्रयोगशाळेच्या चाचणीची अट पाठवली. विहिरीच्या नळ्यांसाठी वापरतात त्या एन-८० या प्रतीच्या पोलादाची घासून, धुऊन, वाळवून तोललेली पट्टी, जिला तिकडे ‘कूपन’ म्हणतात, १५ टक्के आम्लात ११० अंश सेल्सिअसला दाबाखाली सहा तास ठेवायची, आणि पुन्हा तोलायची. पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस फुटामागे ०.०५ पौंड, म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे २४४ ग्रॅम, यापेक्षा जास्त धातू गेला तर नापास. शिवाय पट्टीवर खड्डे पडता कामा नयेत; कारण सगळीकडून सारखी झिजलेली नळी तग धरते, पण एका जागी भोक पडलेली नळी धरत नाही.

साखर कारखान्यात आम्लाचे तापमान फार तर साठ अंशांच्या आसपास असते. माझ्याकडे काचेचे चंबू होते, पण ११० अंशांना हे आम्ल उघड्या भांड्यात टिकत नाही, त्यामुळे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब सोसणारे बंद भांडे हवे. तयार यंत्राची किंमत ऐकून मी थेट कोल्हापुरातले उद्यमनगर गाठले. तिथल्या एका जुन्या मिस्त्रींनी स्टेनलेस स्टीलच्या जाड भांड्यात टेफ्लॉनचे अस्तर बसवून, वर दाबमापक आणि सुरक्षा झडप लावून एक साधन तयार केले, आणि आम्ही ते पाण्याने दुप्पट दाबाला तपासल्याशिवाय त्यात आम्ल घातले नाही. पट्ट्यांसाठी एन-८० पाइपचा एक तुकडा भाच्याने पाठवला होता. गॅसने कापला तर उष्णतेने पोलादाची घडण बदलते, म्हणून तो सावकाश, पाणी सोडत कापायचा होता. मिस्त्री म्हणाले, “मालक, ह्यो पाइप साधा न्हाई, टूलची धार जातीया.” तरीही त्यांनी ५० बाय २५ बाय ३ मिलिमीटरच्या चाळीस पट्ट्या काढून दिल्या, आणि त्याही इतक्या सारख्या की वजनातील फरक ग्रॅमाच्या दशांशात होता.

आमच्या नेहमीच्या द्रव्याची पहिली चाचणी मी स्वतः लावली. अशा पट्टीचे क्षेत्रफळ साडेएकोणतीस चौरस सेंटिमीटर, वजन २९ ग्रॅम. म्हणजे सहा तासांत जास्तीत जास्त पाऊण ग्रॅमाला थोडा कमी इतका धातू जाणे माफ होते. भांडे थंड करून उघडले तेव्हा कुजक्या अंड्यांचा वास आला आणि मी मागे सरलो. पट्टी काळी पडली होती आणि सहा ग्रॅमांहून जास्त धातू गेला होता. कारण नंतर उलगडले. आमच्या द्रव्याचा मुख्य घटक थायोयुरियाच्या जातीचा होता. कमी तापमानाला तो पोलादावर चांगला बसतो, पण तप्त आम्लात त्याचे विघटन होऊन हायड्रोजन सल्फाइड निघतो, जो विषारी तर आहेच, शिवाय पोलादाला ठिसूळही करतो. अठ्ठावन्न अंशांवर ज्याच्या जिवावर आम्ही संसार केला, ते ११० अंशांवर शत्रूच्या बाजूला गेले होते.

नवे सूत्र बसवण्यात पुढचे सात महिने गेले. क्विनोलीन आणि बेंझिल क्लोराइड यांच्या अभिक्रियेतून मिळणारे चतुर्थक अमोनियम संयुग, त्याच्या जोडीला प्रोपार्जिल अल्कोहोल, आणि हे सगळे आम्लात नीट पसरावे म्हणून एक अल्कोहोल व एक पसरवणारे द्रव्य, असा त्याचा साधारण साचा आहे. तो काही गुपित नाही. प्रमाणे मात्र प्रत्येकाची स्वतःची असतात. प्रोपार्जिल अल्कोहोल तप्त पोलादाच्या पृष्ठभागावर साखळ्या जोडत जाऊन एक पातळ पटल तयार करते, आणि तेच खरे संरक्षण देते. पण ते त्वचेतूनही शरीरात जाणारे विष आहे, आणि बेंझिल क्लोराइडची वाफ डोळ्यांतून पाणी काढते. बंद पद्धतीने भरणी, वायू शोषणारा स्क्रबर, कामगारांना योग्य हातमोजे व मुखवटे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात नव्या उत्पादनाची नोंद, हे सगळे झाल्याशिवाय मी मोठा घाणा लावला नाही. पंचगंगेच्या खोऱ्यात राहून सांडपाण्याबाबत हलगर्जी करण्याची माझी छाती नाही.

सत्ताविसाव्या पट्टीला ०.४१ ग्रॅम घट आली, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १३९ ग्रॅम. पृष्ठभाग करडा, सपाट, एकही खड्डा नाही. मी ती पट्टी घरी नेऊन सगळ्यांना दाखवली. आई म्हणाली, “एवढ्याशा पत्र्यासाठी वर्ष घालवलंस होय?”

नमुना कुरिअरवाल्यांनी घेतला नाही, आणि ज्वलनशील व विषारी द्रवाबाबत ते योग्यच होते. शेवटी तो सुरक्षा माहितीपत्रकासह रसायनांच्या परवानाधारक वाहतूकदाराकडून गेला. मागोमाग मीही निघालो. आमच्या दारावरून जाणारा ४८ क्रमांकाचा महामार्गच पुढे पुणे, मुंबई, सुरत करत अंकलेश्वरच्या तेलपट्ट्यात पोहोचतो, हे मला तोवर कधी जाणवले नव्हते.

तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई नागपूरकडच्या होत्या. गंजाची चाचणी त्यांच्याकडेही उत्तीर्ण झाली आणि मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग त्या म्हणाल्या, “ही तर पहिली पायरी आहे. आता तुमचे द्रव्य आमच्या पूर्ण द्रवात घालून पाहू.” त्यांच्या द्रवात केवळ आम्ल नव्हते. नळीच्या गंजातून विरघळलेले लोह, आम्ल खर्च होऊ लागताच, जेलीसारखे खाली बसू नये म्हणून सायट्रिक आम्ल होते; आम्ल आणि कच्चे तेल यांचे घट्ट मिश्रण होऊ नये म्हणून साबणाच्या जातीचे एक पृष्ठसक्रिय द्रव्य होते; आणि तेल-पाणी दोहोंत मिसळणारे एक विद्रावक होते. माझे द्रव्य त्यात पडले आणि मिनिटभरात दूध फाटावे तशा तपकिरी गुठळ्या वर आल्या. माझ्या चतुर्थक संयुगावर धन विद्युतभार, त्यांच्या पृष्ठसक्रिय द्रव्यावर ऋण. दोघे एकमेकांना धरून बसले आणि दोघेही कामातून गेले. या गुठळ्या खडकात गेल्या असत्या, तर जे दार उघडायला निघालो तेच आम्ही लिंपून टाकले असते.

त्यांनी मला दोष दिला नाही, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. पुरवठादार आपापली बाटली घेऊन येतात आणि आपापल्या बाटलीचा अहवाल दाखवतात. विहिरीत मात्र बाटली जात नाही, द्रव जातो. मला हे आधी कळायला हवे होते. मी वर्षभर पोलादाकडेच पाहत होतो. तेलाकडे, खडकाकडे आणि शेजारच्या पिंपाकडे मी एकदाही पाहिले नव्हते.

परत आल्यावर मी चाचण्यांचा क्रमच उलटा केला. भाच्याकडून ऋणभार नसलेले पर्यायी पृष्ठसक्रिय द्रव्य कोणते चालते ते विचारून घेतले, आणि कंपनीच्या परवानगीने थोडे कच्चे तेलही मिळवले. आता प्रत्येक नवे सूत्र आधी पूर्ण द्रवात चोवीस तास उभे ठेवायचे. कारण टाकीत द्रव्यावर साय धरली, तर पंप तळातून ओढतो ते आम्ल बिनसंरक्षणाचे असते. मग त्यात मुद्दाम लोह घालून, कच्च्या तेलाबरोबर निम्मे-निम्मे हलवून, ८० अंशांना ते अर्ध्या तासात स्वच्छ वेगळे होते की नाही ते पाहायचे, आणि शेवटी सगळे बारीक चाळणीतून ओतून डांबरासारखा गाळ राहतो का ते तपासायचे. पोलादाची पाळी यानंतर. पहिल्याच फेरीत दिसले की माझे पसरवणारे द्रव्य गरजेपेक्षा जास्त होते आणि तेच तेल व आम्ल यांची लोण्यासारखी गाठ बांधत होते. ते निम्म्यावर आणले तर साय धरू लागली. मग विद्रावक बदलला. या ओढाताणीत एका पट्टीची घट ०.५८ ग्रॅमपर्यंत चढली, पण मर्यादेच्या आत होती, आणि मी ती स्वीकारली. ०.४१ च्या आकड्यावर प्रेम करण्यात अर्थ नव्हता.

मधल्या काळात खरेदी विभागाने कागद दोनदा परत पाठवले, एकदा उलाढालीच्या रकान्यावरून आणि एकदा शिक्क्याच्या जागेवरून. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या फेरीत द्रव एकसंध राहिला, तेल बारा मिनिटांत सुटले आणि चाळणी कोरडी निघाली. २०२३ च्या सप्टेंबरात आम्हाला ११० अंशांपर्यंतच्या विहिरींसाठी, आणि केवळ चाचणी पुरवठा म्हणून, २०० लिटरच्या सहा पिंपांची मागणी आली. आम्लात एक ते दीड टक्का, या प्रमाणाने ती दोन-तीन विहिरींना पुरली. पहिल्या विहिरीतून परत आलेल्या आम्लातील लोहाचा आकडा भाच्याने फोनवर वाचून दाखवला. नळी आतून आधीच धुऊन घेतली असल्यामुळे तो कमी होता, त्यामुळे सगळे श्रेय आमच्या पिंपाला देता येत नाही, हेही त्यानेच लगेच जोडले.

आता त्यांना १३५ अंशांचे द्रव्य हवे आहे. तिथे हे सूत्र एकटे टिकत नाही. पोटॅशियम आयोडाइड किंवा फॉर्मिक आम्लासारखे जोडद्रव्य लागते. फॉर्मिक आम्ल घातलेली एकसष्टावी पट्टी वजनात पास झाली आहे, पण तिच्या खालच्या कडेला भिंगातून तीन बारीक खड्डे दिसतात. ती सध्या काचेच्या बंद भांड्यात नंबर लावून ठेवली आहे, कारण गळीत सुरू झाले आहे आणि मार्चपर्यंत रिअ‍ॅक्टर उसाची आहे.