बहात्तर चेहऱ्यांचं पान

नव्या केंद्रीय मंत्रिमंडळाचं पान लावणं हे वर्तमानपत्राच्या डेस्कवरचं सगळ्यात निगुतीचं काम. निकालाच्या पानावर एखाद्या उमेदवाराचं मताधिक्य चुकलं, तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती देऊन निभावून जातं. मंत्र्याचा दर्जा (कॅबिनेट, स्वतंत्र कार्यभार की साधा राज्यमंत्री) चुकला, तर सकाळी सातपासून त्याच्या जिल्ह्यातून फोन सुरू होतात आणि वार्ताहराला पुढचे सहा महिने तिथे तोंड दाखवायची सोय राहत नाही. ९ जून २०२४ च्या रविवारी हे पान माझ्याकडे होतं. त्या पानावर एका कोपऱ्यात जो छोटा तक्ता गेला, त्यावरून आमच्या डेस्कवर झालेला वाद माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बाहेरच्यांना वाटतं, राष्ट्रपती भवनात शपथविधी सुरू झाला की आमचं काम सुरू होतं. प्रत्यक्षात शपथ संध्याकाळी सव्वासातला होती आणि आमची यादी दुपारी बाराच्या आत जवळजवळ तयार होती. त्याचं कारण चहा. भावी मंत्र्यांना पंतप्रधान सकाळी आपल्या निवासस्थानी चहाला बोलावतात. ज्याची गाडी ‘७, लोककल्याण मार्ग’च्या फाटकातून आत गेली, तो मंत्री होणार असं धरायचं. आमचा दिल्लीचा प्रतिनिधी एकेक नाव फोनवर सांगत होता आणि मी लिहून घेत होते. गडकरी, गोयल, आठवले ही अपेक्षित नावं. मग बुलढाण्याचे प्रतापराव जाधव, रावेरच्या रक्षा खडसे, पुण्याचे मुरलीधर मोहोळ. गोव्याचे श्रीपाद नाईक. अजित पवारांच्या राष्ट्रवादीचं कुणीच नाही. मी दोनदा विचारलं. त्याचं उत्तर तेच: “मॅडम, त्यांना फोनच गेलेला नाही.”

समोर भिंतीवरच्या टीव्हीवर मात्र राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल यांचं नाव ‘सूत्रांच्या हवाल्यानं’ फिरत होतं. या सूत्रांचा मला मनापासून राग आहे. फाटकाबाहेर उन्हात उभा राहून गाड्या मोजणारा वार्ताहर एकीकडे, आणि स्टुडिओत बसून खातीसुद्धा वाटून टाकणारे दुसरीकडे. प्रेक्षक ऐकतो दुसऱ्यांचं. आमच्या वृत्तसंपादकांनीही टीव्ही बघून पटेलांची दोन कॉलमी चौकट तयार ठेवायला सांगितली. मी ती लावली, पण ती काढली तर पान कसं बसेल याचा दुसरा डमीही करून ठेवला.

पानाचं खरं काम फोटो आणि नावांचं असतं. जुन्या मंत्र्यांचे फोटो संग्रहात असतात. अडचण नव्यांची. लोकसभेचा निकाल लागून पाचच दिवस झालेले, संकेतस्थळावर नव्या खासदारांचे फोटो चढलेले नाहीत. गुंटूरचे चंद्रशेखर पेम्मासानी, भावनगरच्या निमूबेन बांभणिया यांचे फोटो वृत्तसंस्थेच्या निकालाच्या दिवसाच्या गर्दीतून शोधून कापावे लागले. केरळचे जॉर्ज कुरियन तर कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. लुधियानात हरलेले रवनीतसिंग बिट्टूही नव्हते. राज्यघटनेच्या ७५ व्या कलमानं अशांना सहा महिने मिळतात. तेवढ्यात संसदेत निवडून यायचं, नाहीतर मंत्रिपद जातं. आमच्या नव्या उपसंपादकानं बिट्टूंचं नाव पाहून “हे चुकून आलंय” म्हणत यादीतून काढलं होतं. मुलगा हुशार आहे, पण निवडणुकीच्या आधी घटनेतली चार कलमं वाचून यायला हवीत ही अपेक्षा हल्ली कुणी ठेवतच नाही.

आणखी एक गोष्ट वाचकांच्या लक्षात येत नाही. मंत्र्यांच्या सरकारी यादीत नाव असतं, दर्जा असतो, नंतर खातं येतं, पक्ष नसतो. सरकारी कागदावर आघाडी नावाची गोष्टच नाही. तिथे सगळे भारत सरकारचे मंत्री. कोण कुणाच्या कोट्यातला, हे आम्ही डेस्कवर बसून लिहितो. म्हणूनच ते बिनचूक लिहिण्याची जबाबदारी मी फार मोठी मानते.

शपथविधी सुरू झाला. क्रम बघायचा असतो, कारण क्रम म्हणजे ज्येष्ठता. मोदी, राजनाथ सिंह, अमित शहा, गडकरी, नड्डा, शिवराजसिंह चौहान, सीतारामन, जयशंकर, मनोहरलाल. आणि मग लगेच जनता दल (सेक्युलर)चे एच. डी. कुमारस्वामी. लोकसभेत दोन खासदार असलेल्या पक्षाचा नेता पीयूष गोयल यांच्या आधी उभा राहिला. गोयल यांच्यानंतर धर्मेंद्र प्रधान, आणि त्यांच्यानंतर जीतनराम मांझी. वय ७९, पक्षाचा लोकसभेतला एकमेव खासदार ते स्वतः. डेस्कवर क्षणभर सगळे टीव्हीकडे बघत राहिले. मग संयुक्त जनता दलाचे राजीव रंजन ऊर्फ ललन सिंह, तेलुगू देसमचे ३६ वर्षांचे राममोहन नायडू, शेवटच्या टप्प्यात लोक जनशक्ती पक्ष (रामविलास), म्हणजे लोजपचे चिराग पासवान. तीस कॅबिनेट मंत्री झाले, त्यात मित्रपक्षांचे पाच. मग स्वतंत्र कार्यभाराचे, म्हणजे ज्यांच्या खात्यावर वर कॅबिनेट मंत्री नसतो असे, पाच राज्यमंत्री. त्यांत चौथे शिवसेनेचे प्रतापराव जाधव आणि पाचवे राष्ट्रीय लोकदलाचे जयंत चौधरी. पुढे छत्तीस राज्यमंत्री.

पंतप्रधान धरून बहात्तर जणांची शपथ दोन तासांहून जास्त चालली आणि आमच्या ग्रामीण आवृत्त्या तेवढा वेळ थांबत नाहीत. रक्षा खडसे आणि मोहोळ यांची नावं यादीच्या तळाशी. जळगावचं पान सोडायची वेळ झाली तरी रक्षाताई खुर्चीतच बसलेल्या. मी ते पान अडवून धरलं. छपाईवाल्यांचे तीन फोन आले, गाड्या चुकतील म्हणून ओरडाआरडा झाला. पण ज्या जिल्ह्याची बातमी त्याच जिल्ह्यात ‘शपथ घेण्याची शक्यता’ अशी छापणं मला मान्य नव्हतं. त्यांनी शपथ घेतली, ऑपरेटरनं फोटो टाकला, पान सुटलं. त्या ऑपरेटरचं नाव कधी कुठे छापून येत नाही. त्याच्याइतका शांत माणूस मी डेस्कवर दुसरा पाहिलेला नाही.

पटेल अर्थातच आले नाहीत. त्याआधीच फडणवीसांनी सांगून टाकलं होतं: राष्ट्रवादीला स्वतंत्र कार्यभाराचं एक राज्यमंत्रिपद देऊ केलं होतं, पण त्यांचा आग्रह पटेलांच्या नावाचा होता आणि ते आधी कॅबिनेट मंत्री राहिलेले असल्यानं त्यांना खालचं पद घेणं शक्य नव्हतं. पटेलही तेच म्हणाले. २००४ मध्ये नागरी उड्डाण खात्यात त्यांनी स्वतंत्र कार्यभारानंच सुरुवात केली होती. २०११ मध्ये ते कॅबिनेट मंत्री झाले. अजित पवारांनी थांबायची तयारी दाखवली. जुन्या लोकांना ९ नोव्हेंबर २०१४ आठवला असेल. त्या दिवशी शिवसेनेचे अनिल देसाई शपथेसाठी दिल्लीच्या विमानतळापर्यंत जाऊन तसेच परतले होते, आणि सुरेश प्रभू त्याच दिवशी भाजपमध्ये येऊन कॅबिनेट मंत्री झाले होते.

चौकट निघाली आणि दोन कॉलमांची जागा मोकळी झाली. वृत्तसंपादक म्हणाले, मोहोळांच्या घरचा जल्लोष टाक. मी तिथे तक्ता लावला: पक्ष, खासदार, मंत्री, दर्जा. तेलुगू देसम १६ खासदार, एक कॅबिनेट, एक राज्यमंत्री. संयुक्त जनता दल १२, तेवढंच. शिवसेना ७, एक स्वतंत्र कार्यभार. लोजप (रामविलास) ५, एक कॅबिनेट. जद (सेक्युलर) २, एक कॅबिनेट. राष्ट्रीय लोकदल २, एक स्वतंत्र कार्यभार. जनसेना २, काही नाही. मांझींचा पक्ष १, एक कॅबिनेट. अपना दल १, एक राज्यमंत्री. राष्ट्रवादी १, काही नाही. आणि लोकसभेत एकही खासदार नसलेल्या रिपब्लिकन पक्षाचे आठवले, राज्यमंत्री.

वाद इथे झाला. वृत्तसंपादकांना पानाचा मथळा हवा होता ‘महाराष्ट्राला सहा मंत्रिपदं’. सहा हा आकडा खरा आहे. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसतात कॅबिनेट मंत्री, आणि महाराष्ट्राचे कॅबिनेट मंत्री दोन, दोघेही भाजपचे. राज्यमंत्री बैठकीला नसतो. त्याच्याकडे कॅबिनेट मंत्री सोपवेल तेवढं काम. स्वतंत्र कार्यभारवाला आपल्या खात्याचा विषय असेल तेव्हा आत जातो. तेव्हा सहा फोटो एकाच मापात छापून ‘सहा’ लिहिलं, तर वाचकाला आपण निम्मंच सांगतो, असं माझं म्हणणं होतं. सर म्हणाले, “वाचकाला दर्जा कळत नाही, फोटो कळतो.” वाचकाबद्दल असं बोलणाऱ्या माणसानं तीस वर्षं वर्तमानपत्र काढलं, याचं मला वाईट वाटतं. मथळा त्यांचा गेला, फोटोंची मापं माझी: दोन मोठे, एक मध्यम, तीन लहान. तक्ता राहिला.

दुसऱ्या दिवशी जाधवांच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, मेहकरजवळच्या एका गावातून एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. त्यांनी तक्ता पट्टी लावून वाचला होता. म्हणाले, “ताई, सात खासदारांचा आमचा माणूस दाराबाहेर आणि एका खासदाराचा माणूस आत, हे कसं?” त्याच दिवशी मावळचे खासदार श्रीरंग बारणे यांनी जाहीरपणे हीच तुलना केली. संध्याकाळी खाती आली. जाधवांना आयुष स्वतंत्र आणि आरोग्य खात्याचं राज्यमंत्रिपद. गृह, संरक्षण, अर्थ, परराष्ट्र ही चारही खाती जिथे होती तिथेच राहिली.

मास्तरांना मी जे उत्तर दिलं ते असं: कुमारस्वामी आणि मांझी दोघेही माजी मुख्यमंत्री. माजी मुख्यमंत्र्याला राज्यमंत्री करता येत नाही, हा दिल्लीतला अलिखित रिवाज. ज्या रिवाजानं मांझी आत गेले, त्याच रिवाजानं पटेल बाहेर राहिले, कारण देऊ केलेलं पद त्यांच्या मानाखालचं ठरलं. पण मास्तर सोडायला तयार नव्हते. “मग चिराग पासवान?” त्यांनी विचारलं. ते कधी मुख्यमंत्री नव्हते, मंत्रीही नव्हते.

त्यावर मला जे सुचलं ते असं की त्यांच्या पक्षानं पाच जागा लढवून पाचही जिंकल्या. शिंदेंच्या शिवसेनेनं पंधरा लढवून सात. संख्या मोजताना आपण खासदार मोजतो, दिल्ली कदाचित याचाही हिशेब ठेवत असेल. आणि बिहारची विधानसभा पुढच्याच वर्षी होती. पण महाराष्ट्राची तर त्याच वर्षी होती, आणि तरीही इथल्या एकाही मित्रपक्षाला कॅबिनेट मिळालं नाही. हे मला तेव्हा समजावून सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या १५ टक्क्यांवर जाता कामा नये अशी २००३ ची घटनादुरुस्ती आहे. म्हणजे कमाल ८१. त्या रात्री नऊ जागा रिकाम्या होत्या. जागा नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही.

जुलैच्या सुरुवातीला मंत्रिमंडळाच्या समित्या जाहीर झाल्या. सुरक्षाविषयक समितीत पंतप्रधान आणि त्या चार खात्यांचे मंत्री, म्हणजे मित्रपक्षाचं एकही नाव नाही. आर्थिक व्यवहार समितीत कुमारस्वामी आणि ललन सिंह, राजकीय व्यवहार समितीत नायडू आणि मांझी. सरकार प्रत्यक्षात कुठे चालतं हे शपथविधीपेक्षा या यादीवरून जास्त कळतं. मी तीनही समित्यांचा तक्ता करून दिला आणि पान एकसाठी मागणी केली. तो आतल्या पानावर, जाहिरातीच्या वर, एका कॉलमात गेला. मास्तरांना मी त्या पानाचा फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, आणि आर्थिक समितीत गडकरी नि गोयल आहेत म्हटल्यावर कापसाच्या आयातीचा विषय तिथेच येतो का, हे त्यांनी पहिलं विचारलं.