‘न’ म्हणताना जीभ जिथं टेकते

आधी कान दुखायचा. उजवा. छपाईआधीची मुद्रितं (प्रुफं) वाचून संध्याकाळी उठले की कानात खोलवर ठणका लागलेला असायचा आणि घास चावताना त्याच बाजूला ‘कट्’ असा आवाज यायचा. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, कान स्वच्छ होता. पुढे ठणका वरच्या दाढेत उतरला, तेव्हा एका दंतवैद्यांनी त्या दाढेचं रूट कॅनाल केलं. दुखणं होतं तसंच राहिलं. ती दाढ चांगली होती हे मला चार महिन्यांनी कळलं आणि ते अजून सलतं. म्हणून जबड्याच्या सांध्याचं हे सगळं दुखणं लिहून ठेवते आहे.

मग एका सकाळी आवाज थांबला. बरं वाटलं, सुटले म्हटलं. दात घासायला गेले तर ब्रश मागच्या दाढांपर्यंत जाईना. तोंड अर्ध्यावर अडत होतं.

फिजिओथेरपिस्टकडे गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पट्टी काढली. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं : २४ मिलिमीटर. बहुतेकांचं ४० किंवा त्याहून जास्त भरतं, आपलीच तीन बोटं उभी मावतात. शिवाय तोंड उघडताना माझी हनुवटी उजवीकडे ओढली जात होती. इतके महिने मी आरशात रोज पाहत होते, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

“आवाज गेला हे चांगलं लक्षण नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि हाताच्या मुठीवर तळवा ठेवून त्यांनी मला सांधा समजावला. कानाच्या अगदी पुढे खालच्या जबड्याचं गोल टोक कवटीच्या खोबणीत बसतं. मधे चिवट तंतूंची पातळ चकती असते. तोंड उघडताना ते टोक आधी बरंचसं जागच्या जागी फिरतं आणि मग चकतीला घेऊन पुढे सरकतं. माझी चकती आधीच पुढे घसरलेली होती. तोंड उघडताना टोक उडी मारून तिच्याखाली जायचं, तोच ‘कट्’. आता ती उडी बसत नव्हती. फिरणं होत होतं, सरकणं अडलं होतं, म्हणून २४.

कानाचं कोडंही तिथंच सुटलं. या सांध्याची आणि कानाच्या काही भागाची संवेदना एकाच मज्जातंतूच्या शाखेतून जाते. या दुखण्याला ज्यांचं नाव पडलं ते जेम्स कॉस्टेन हे कान-नाक-घशाचेच डॉक्टर होते, अमेरिकेतले. १९३४ साली त्यांनी कानाच्या तक्रारींचा संबंध या सांध्याशी जोडला आणि दोष दातांच्या ठेवणीला दिला. सांधा त्यांनी बरोबर ओळखला, पण त्या दोषारोपामुळे पुढे किती जणांच्या दातांवर उगाच काम झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग हातमोजा घालून फिजिओथेरपिस्टनी अंगठा गालाच्या आत नेला, बोटं बाहेर ठेवली आणि चावण्याचा स्नायू मधे धरून दाबला. दाढ ठणकली. तीच, रूट कॅनाल केलेली. मी हात वर करून सांगितलं, “हेच! हेच दुखतं मला!” त्या शांतपणे म्हणाल्या, “दात नाही हा. स्नायू आहे.” मला रडू आलं. इतक्या महिन्यांत दुखण्याच्या नेमक्या जागेवर कुणीतरी पहिल्यांदा बोट ठेवलं होतं.

खरं अवघड पुढे होतं. अंगठा खालच्या मागच्या दाढांवर ठेवून त्या जबडा हळूहळू खाली आणि मग पुढे ओढत. “जबडा माझ्या हातात द्या. तुम्ही मदत करू नका.” मला तो सोडताच येईना. पहिले दोन दिवस आमचा बराच वेळ यातच गेला.

घरी करायचे व्यायाम साधे होते. ‘न’ म्हणताना जीभ जिथं टेकते तिथं ती ठेवायची आणि ती टाळूवरून सुटणार नाही एवढंच तोंड उघडायचं. सहा वेळा, दिवसातून सहादा. हा आकडा चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांच्या पद्धतीतला, त्यात असे सहा व्यायाम आहेत. मानेचेही होते, कारण मी दिवसभर मान पुढे काढून वाचते. व्यायामाआधी दहा मिनिटं शेक.

पण मला बरं केलं ते मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीनं. माझ्या फिजिओथेरपिस्टनी विचारलं, “आत्ता तुमचे दात एकमेकांना टेकलेत का?” टेकले होते. मला वाटायचं तोंड मिटलं की दात टेकणारच. तसं नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही जबड्याची विश्रांती. दात टेकायचे ते चावताना, गिळताना, तेवढेच. दुसऱ्या दिवशी मुद्रितं वाचताना दात टेकलेले सापडले की समासात पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचा, असं ठरवलं. दुपारपर्यंत ६१ ठिपके झाले. अडखळणाऱ्या वाक्यांशेजारी ते गर्दीनं होते. दुरुस्ती सापडेपर्यंत मी दात आवळून बसत होते, वर्षानुवर्षं.

रात्रीसाठी दातांवर बसवायचा साचा केला होता, त्यानं मला थोडाच फरक पडला. शस्त्रक्रियेचंही एकांनी सुचवलं होतं. २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या जुनाट दुखण्यासाठी तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या. त्यांत हातांनी केलेले उपचार, जबड्याचे व्यायाम आणि विचार-वर्तनावरची उपचारपद्धती यांना पुढचं स्थान आहे. वाचून हायसं वाटलं.

पट्टीवरचे आकडे असे : २४, २८, मग एका पुस्तकाच्या घाईच्या आठवड्यात परत २६, मग ३३, अकराव्या आठवड्यात ३८. चकती जागेवर परतली नसेलही. तिच्या मागची ऊती हळूहळू घट्ट होऊन तो भार पेलायला शिकते, असं मला सांगितलं गेलं. कान मात्र दुखत नाही.

जांभई येताना अजून हात आपोआप हनुवटीखाली जातो आणि जीभ टाळूला लागते. परवाच्या मुद्रितांच्या समासात, पूर्ण दिवसात, नऊ ठिपके होते.