पणजोबांची तिथी

आमच्या घरी पणजोबांचे श्राद्ध तीन पिढ्या सर्वपित्री अमावास्येलाच होत आले, कारण ते कोणत्या तिथीला गेले हे कोणालाच ठाऊक नव्हते. "जंगी पलटणीत होते, बसऱ्याला राहिले," एवढेच आजी सांगे. महाड तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती परत आली नाहीत, एवढेच तिच्यावर कोरलेले आहे. नाव एकाचेही नाही.

देव्हाऱ्यात मात्र सुमारे बारा सेंटीमीटर व्यासाची कांस्याची एक जड चकती होती. त्या युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने अशा चकत्या पाठवल्या होत्या, आणि त्यांच्यावर हुद्दा न घालता फक्त नाव घातलेले असे. आमच्या घरातल्या बायकांनी ती सणावारी चिंचेने इतकी घासली की इंग्रजी अक्षरे जवळजवळ सपाट झाली. सोबत आलेले चांदीचे पदक एका दुष्काळात मोडले गेले. शिपायाचा क्रमांक आणि पलटण त्या पदकाच्या कडेवर कोरलेली असते, हे मला फार उशिरा कळले आणि मन हळहळले.

शोधाला बाकी आधार होता तो आजीच्या दोन शब्दांचा. जंगी पलटण म्हणजे तेव्हाची १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली होती, तेव्हा बसरा हे केवळ उतरण्याचे बंदर होते, हे माझ्या ध्यानात आले. तैग्रिस नदीच्या काठाने ही फौज बगदादच्या रोखाने वर चढली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर तिला मागे फिरावे लागले, आणि कुत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याने तिला जवळजवळ पाच महिने वेढून ठेवले. धान्य संपत आले तसे घोडे कापले गेले. धर्माच्या बंधनामुळे अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले आणि ते उपासमारीने व स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली, आणि त्यांतल्या हजारोंना उन्हातान्हात उत्तरेकडे चालवत नेऊन रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले.

युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या ऑनलाइन नोंदींत आमचे 'सकपाळ' आडनाव आम्ही आज लिहितो त्या स्पेलिंगने मी अनेक रात्री शोधले. काहीच हाती लागले नाही. शेवटी चकतीवर पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवली, तेव्हा कुणा कारकुनाच्या कानाला ऐकू आले तसे लिहिलेले 'सुकपाल' हळूहळू उमटले. तीच अक्षरे शोधात टाकली आणि नोंद समोर आली. पलटण तीच, वडिलांचे नाव तेच, गावाचे नाव मोडके पण ओळखू येण्याजोगे, पुढे महाड, कुलाबा (म्हणजे आजचा रायगड जिल्हा). आणि मृत्यूची तारीख जुलै १९१६ मधली. म्हणजे ते वेढ्यात नव्हे, कैदेत गेले. मी बाबांना हाक मारली, पण मला बोलता येईना.

स्मारक म्हणून नोंदीत बसऱ्याचे नाव होते. १९२९ साली उघडलेल्या त्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची स्मृती आहे; परंतु गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे दगडावर आली, तर हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या. ही वागणूक समान नव्हती, हे कमिशनने २०२१ च्या अहवालात मान्य केले. गावच्या भिंतीवर आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच, हे मला अजूनही सहन होत नाही.

आमच्या गुरुजींनी जुन्या पंचांगावरून तारखेची तिथी काढली: आषाढ वद्य पंचमी. कैदेतल्या नोंदीवर किती विसंबावे, असे बाबांनी विचारले, गुरुजी म्हणाले, "लिहून ठेवलेली हीच एक आहे, हीच धरा." त्या वर्षी भाद्रपद वद्य पंचमीला बाबांनी पिंड ठेवताना पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि गोत्र मोठ्याने उच्चारले. पेन्सिलीने उमटवलेला तो कागद चकतीच्या शेजारी ठेवला आहे, आणि चकती आता कोणी घासत नाही.