मारियाच्या मडक्याखालची सही

"गोवऱ्या? अमेरिकेत?" इथे मडकी गोवऱ्यांत भाजतात म्हटलं, तर आईला खरंच वाटेना. सुट्टीत साताऱ्याहून आली होती, म्हणून न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फेच्या म्युझियममध्ये नेलं. समोर काचेत मारिया मार्टिनेझचं काळंभोर भांडं, शाळिग्रामासारखं तुकतुकीत.

मारिया (१८८७–१९८०) इथून जवळच्या सान इल्देफोन्सो या तेवा आदिवासींच्या गावची. मावशीकडून शिकली. चाक नाहीच, मातीत ज्वालामुखीची राख कालवायची, वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करायचं आणि वाळलं की गुळगुळीत दगडाने तासन् तास घोटायचं. हे घोटायचे दगड घरात पिढ्यान् पिढ्या वारशाने जातात. आमच्या कुंभारवाड्यात चाकावर बसलेली बाई मी कधी पाहिली नाही. इथे मात्र पूर्वापार मडकी घडवायची ती बायकांनीच.

काळा रंग मात्र लावलेला नसतो. लाल मातीचंच भांडं. भोवती गोवऱ्या रचून भाजायचं आणि ऐन तापात घोड्याच्या लिदीचा भुगा टाकून आग कोंडायची. हवा मिळत नाही, धूर आत मुरतो आणि लालाचं काळं होतं. १९१९च्या सुमारास नवरा हुलियन याला चकाकत्या काळ्यावर मंद काळी नक्षी उठवायची युक्ती सापडली. घडवायची ती, रंगवायचा तो. त्याचा आवडता आवान्यू हा पाण्याचा रक्षक असलेला शिंगवाला सर्प, जीभ विजेसारखी. आई म्हणाली, "नाग आहे, पण शिंगं कशाला?" मला उत्तर आलं नाही.

मला मारिया आवडते ती पुढच्या गोष्टीसाठी. एवढी मागणी असताना तिने ही विद्या झाकून ठेवली नाही, गावाला शिकवली. सहीच्या भांड्याला जास्त पैसे मिळतात हे कळल्यावर शेजारणी आपली भांडी घेऊन आल्या, तर म्हणे हिने त्यांवरही सही करून दिली! संग्राहकांच्या डोक्याला तो ताप अजून आहे. मला यात फसवणूक दिसत नाही. माती गावची, आग गावची, मग नावच तेवढं एकटीचं कसं?

आईला हे सांगितलं, तर ती गुडघ्याचं दुखणं विसरून खाली वाकली आणि काचेतून भांड्याचं बूड दिसतंय का ते पाहायला लागली.