सव्वीसवरून बावीसवर : कायोटीच्या रायफलीची नळी किती लांब असावी?

गेल्या हंगामात माझ्या हातून जे कायोटी (कोल्ह्यासारखे अमेरिकेतील रानटी प्राणी) निसटले, त्यांपैकी एकाचे खापर मी पूर्णपणे नळीच्या लांबीवर फोडतो. टेक्सासच्या रोलिंग प्लेन्स भागात, मेस्कीटच्या काटेरी झुडपांत पाठ टेकून आम्ही बसलो होतो आणि समोर चाळीस पावलांवर ठेवलेल्या इलेक्ट्रॉनिक कॉलमधून (कायोटीला भुलवून बोलावणाऱ्या यंत्रातून) सशाची किंकाळी चालू होती. कायोटी समोरून येईल अशी अपेक्षा असताना तो नेहमीच्या सवयीने वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाने आला आणि माझ्या डाव्या हाताला जेमतेम पस्तीस यार्डांवर थबकला. मी रायफल हळूच वळवू लागलो, तेवढ्यात २६ इंची नळीचे टोक एका वाळक्या फांदीला लागून ‘टक्’ असा आवाज झाला आणि पुढच्या क्षणी तेथे फक्त धूळ होती. माझे शिकारीतील जोडीदार वयाने मोठे असल्यामुळे मी त्यांना काका म्हणतो. परत गाडीकडे चालताना ते एवढेच म्हणाले, “अरे, तू शिकारीला निघालास की गुढी उभारायला?”

ती रायफल म्हणजे रेमिंग्टन ७०० व्हार्मिंट, काडतूस .२२-२५०, नळी जाड आणि २६ इंचांची. मोकळ्या माळावर बाइपॉड (रायफलीखालचा दुपायी आधार) लावून पालथे पडून नेम धरणाऱ्यासाठी ती उत्तमच आहे. माझी पद्धत मात्र वेगळी आहे. मी ट्रायपॉडवर, बसून, बहुतेक वेळा झुडपांच्या आडोशाला दबा धरतो आणि मला मिळालेल्या संधींपैकी बहुतेक दीडशे यार्डांच्या आतल्या आहेत. त्यात यंदा मी सप्रेसर, म्हणजे दणका दाबणारे, नळीच्या टोकाला बसवायचे नळकांडे, घेतला. अर्ज, बोटांचे ठसे आणि नोंदणी हे सोपस्कार रीतसर पार पडले, पण त्याची लांबी सुमारे ७ इंच असल्याने टोकापर्यंतचा हिशेब ३३ इंचांवर गेला. पिकअपच्या पुढच्या सीटवरून तो लांबलचक प्रकार बाहेर काढताना दाराच्या कडेला दोनदा आपटला, तेव्हा नळी कापायची हे ठरले. किती कापायची, हा प्रश्न उरला.

आरंभी एक गैरसमज दूर करतो, कारण तो माझ्याही डोक्यात बरीच वर्षे होता. लांब नळी म्हणजे अचूक नळी, असे नाही. उघड्या लोखंडी माश्यांवरून नेम धरायचा असेल तर दोन माश्यांमधील अंतर वाढल्याचा फायदा होतो. दुर्बीण लावली की तो मुद्दाच संपतो. उलट, एका बाजूने घट्ट धरलेल्या दांड्याचे टोक तेवढ्याच जोराखाली किती वाकेल, हे त्याच्या लांबीच्या घनावर अवलंबून असते. २६ ऐवजी २२ इंच घेतले, तर त्याच जाडीची नळी तेवढ्याच जोराखाली जवळजवळ ४० टक्के कमी वाकते. टोकाला सप्रेसरचे वजन लटकणार असेल, तर ही गोष्ट केवळ पुस्तकी राहत नाही.

लांबीने खरोखर मिळतो तो वेग, आणि किती वेग मिळतो हे काडतुसावर अवलंबून असते. .२२३ रेमिंग्टन आणि .२२-२५० या दोन्ही काडतुसांच्या गोळीचा व्यास एकच आहे, .२२४ इंच, पण.२२-२५० च्या कवचात दारू बरीच अधिक मावते. तेवढ्याच अरुंद भोकातून अधिक वायू ढकलायचा, तर त्याला काम करायला जागाही अधिक लागते, म्हणून नळी आखूड केली की .२२-२५० चा तोटा .२२३ पेक्षा जास्त होतो. खोक्यावर छापलेले आकडे सहसा २४ इंची चाचणी-नळीचे असतात, हे लक्षात ठेवावे. ५५ ग्रेनच्या (सुमारे साडेतीन ग्रॅमच्या) गोळीसाठी .२२३ च्या खोक्यावर ३२४० आणि .२२-२५० च्या खोक्यावर ३६८० फूट प्रतिसेकंद असे लिहिलेले आढळते, आणि आपल्या हातातील १६ किंवा २० इंची रायफलीचा त्या आकड्याशी काहीही करार झालेला नसतो.

म्हणून नोव्हेंबरमधील एका शांत सकाळी मी, काका आणि आणखी एक स्नेही, असे तिघे तीन रायफली आणि एक लहानसा रडार क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) घेऊन बसलो. प्रत्येक काडतुसासाठी एकाच लॉटमधील खोकी वापरली आणि प्रत्येक रायफलीतून दहा गोळ्या झाडल्या. माझ्या २६ इंची .२२-२५० ची सरासरी ३७४० फूट प्रतिसेकंद आली. स्नेह्यांची रुगर अमेरिकन रँच, .२२३, नळी १६.१२ इंच, हिची सरासरी ३०१० आली. काकांची टिक्का टी३एक्स लाइट, तीही .२२३ च, पण २२.४ इंची, हिची सरासरी ३१८० भरली. म्हणजे .२२३ मध्ये सव्वासहा इंचांसाठी १७० फूट, इंचाला साधारण २७. दोन वेगवेगळ्या रायफलींची ही तुलना आहे, तेव्हा ती काटेकोर मानू नये. एकाच लांबीच्या, एकाच कारखान्यातील दोन नळ्यांतही पन्नास फुटांचा फरक सहज निघतो. खरी परीक्षा एकच नळी कापून मोजण्यात असते आणि ती परीक्षा माझ्याच नळीच्या नशिबी होती.

त्या सकाळची एक गोष्ट आकड्यांत येत नाही. १६ इंची रायफल झाडली जात असताना मी तिच्या उजव्या बाजूला बसलो होतो आणि कानात बोळे व वर मफ असूनही तो दणका मला गालावर जाणवला. नळी आखूड असली की वायूचा दाब टोकाशी अजून बराच शिल्लक असतो. तो तेथे फुटतो आणि सोबत ठिणग्यांचा एक फुलोरा येतो. संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात हा फुलोरा डोळे दिपवतो आणि गोळी कोठे लागली हे दुर्बिणीतून दिसेनासे होते. सप्रेसर लावला की हा त्रास बराच ओसरतो, म्हणून आखूड नळी आणि सप्रेसर ही जोडी मला समजते, सप्रेसरशिवाय आखूड.२२-२५० बाळगणाऱ्याचे मात्र मला नवल वाटते.

अमेरिकेत रायफलीच्या नळीला केंद्रीय कायद्याची खालची मर्यादा आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली आज ती १६ इंच आहे आणि रायफलीची एकूण लांबी २६ इंचांहून कमी चालत नाही. नळीची लांबी मोजायची ती बोल्ट (काडतुसामागचा सरकता दट्ट्या) बंद करून, टोकातून सरळ दांडी आत सोडून, बोल्टच्या तोंडापासून. म्हणजे काडतूस बसते तो भागही त्यात धरला जातो. आट्यांवर फिरवून बसवलेला ब्रेक (धक्का कमी करणारा टोकाचा तुकडा) किंवा सप्रेसर या मापात येत नाही. माझा विचार या मर्यादेच्या आसपासही नव्हता, पण कापण्यापूर्वी दांडीने मोजून पाहिले आणि माझी ‘२६ इंची’ नळी खरोखरच २६ निघाली.

मग उरले तीन पर्याय : २४, २२ आणि २०. चोवीसने माझा प्रश्न सुटत नव्हता, कारण सप्रेसरसह ३१ इंच होतात आणि फांद्यांना अडायला तेवढे पुरेसे आहे. वीसने हाताळणी झकास झाली असती, पण मग .२२-२५० बाळगण्याचे कारणच अर्धे गेले असते; इतकी दारू जाळून जर वेग लांब नळीच्या .२२३ च्या जवळपासच यायचा असेल, तर कमी दणक्याची, कमी तापणारी आणि स्वस्त काडतुसांची .२२३ च का घेऊ नये? काकांचे मत हेच आहे आणि ते गेली कित्येक वर्षे हसतमुखाने मला सांगत आहेत. तरीही वर्षातून चार-पाच वेळा आम्ही टेक्सासच्या उत्तर टोकाच्या पॅनहँडल भागाकडे जातो, जेथे हिवाळी गव्हाची शेते क्षितिजापर्यंत सपाट असतात आणि कायोटी अडीचशे-तीनशे यार्डांवर उभा राहून पुढे येण्यास साफ नकार देतो. तेथे मला तो वेग हवा आहे. म्हणून २२.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रायफल कारागिराकडे दिली. त्याने लेथवर चार इंच कापून, टोकाला अकरा अंशांचा क्राउन (भोकाच्या तोंडाची घासून नीट केलेली कड) करून आणि सप्रेसरसाठी ½×२८ चे (अर्धा इंच व्यास, इंचाला २८) आटे पाडून दहा दिवसांत परत दिली. क्राउन हाच या कामाचा प्राण आहे. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्या कडेला करते आणि ती कड एका बाजूला जराशी खरवडलेली असली, तरी वायू तिकडून आधी सुटून गोळीला ढुशी देतो. मी कापसाची काडी टोकातून आत घालून कडेवरून बाहेर ओढत चारही बाजूंनी फिरवली. एकही तंतू अडकला नाही. वीस गोळ्यांनंतर टोकावर काजळीची चांदणी उमटली आणि तिच्या पाकळ्या सारख्या लांबीच्या होत्या, तेव्हा जीव भांड्यात पडला. वजन सुमारे अडीचशे ग्रॅमनी घटले, तेही नेमके टोकाकडचे.

आता आकडा. त्याच लॉटची काडतुसे, तोच क्रोनोग्राफ, तापमानही जवळपास तेच : सरासरी ३५९०. चार इंचांमागे १५० फूट गेले, म्हणजे इंचाला ३७ ते ३८. दोनशे यार्डांवर शून्य बांधले, म्हणजे नेम आणि मार तेथे जुळवले, तर तीनशे यार्डांवर गोळी पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा इंच अधिक खाली जाते आणि ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात साधारण तेवढीच अधिक सरकते. कायोटीच्या छातीचा मर्माचा भाग तळहाताएवढा धरला, तर या अर्ध्या इंचाने माझी शिकार चुकणार नाही. वाऱ्याचा माझा अंदाज चुकला तर चुकेल, आणि तो २६ इंची नळीतही चुकतच होता. शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा गट आधी ०.९ इंच येत असे, आता ०.८ येतो, हा योगायोगही असू शकतो, म्हणून मी त्याचे श्रेय कापण्याला देत नाही. सप्रेसर लावल्यावर मार दीड इंच खाली जातो, पण काढून पुन्हा लावला की तेथेच जातो, त्यामुळे मी शून्य सप्रेसरसहच बांधले आहे.

जानेवारीत त्याच मेस्कीटच्या रानात तीन वेळा बसलो. टेक्सासमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही, पण शिकारीचा परवाना आणि रँचमालकाची संमती लागतेच. दुसऱ्या दिवशी पहाटे आजूबाजूला कोल्हेकुई सुरू होती, अगदी आपल्याकडच्या माळावर ऐकू येते तशी, फक्त सूर थोडा वरचा. एक नर याही वेळी वाऱ्याखालूनच आला, पंचेचाळीस पावलांवर. मी रायफल डावीकडे वळवली. फांदी टोकापासून वीतभर लांब राहिली. तो जागीच पडला. काका काही बोलले नाहीत, फक्त पावले मोजत पुढे गेले.

तीनशे यार्डांवरची परीक्षा मात्र अजून बाकी आहे. दोनदा पॅनहँडलला गेलो आणि दोन्ही वेळा वारा इतका होता की कागद फळीवर टिकेना. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा जाणार आहे. नळीतील खाचांच्या १:१४ च्या (चौदा इंचांत एक फेरा) मंद पिळामुळे ५५ ग्रेनहून जड गोळीचा प्रयोग करण्यात अर्थ नाही, म्हणून या वेळी ५० ग्रेनची दोन खोकी सोबत नेईन.