मिनामाता आणि उशिरा आलेली कबुली

आज जपानमधील मिनामाता येथील संग्रहालयात माझा सर्वाधिक वेळ १९५९ या एका वर्षापाशी गेला. इथल्या चिस्सो या रसायन कंपनीच्या सांडपाण्यातील पाऱ्यामुळे लोकांना जडलेल्या मिनामाता आजाराची अधिकृत नोंद मे १९५६ मधलीच आहे. कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी ते सांडपाणी मांजराच्या खाण्यात मिसळले आणि ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याच्यात तीच लक्षणे दिसली; तरीही कंपनीने हा निष्कर्ष दडवला आणि त्याच डिसेंबरात, पुढे कारखाना दोषी ठरला तरी वाढीव भरपाई मागणार नाही, असे लिहून घेऊन पीडितांच्या हातावर तुटपुंजी सांत्वनपर रक्कम टेकवली. सगळ्या प्रकरणात मला ही अट सर्वांत निर्लज्ज वाटली. कुमामोतोच्या न्यायालयाने १९७३ मध्ये तो करार अवैध ठरवला. सरकारने आजाराचे कारण अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे संबंधित उत्पादन बंद झाल्यानंतर. सरकारची स्वतःची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयात निश्चित व्हायला २००४ उजाडले. जपानी अधिकारी कमरेत वाकून क्षमा मागतात याचे आपल्याकडे भारी कौतुक असते. पण मे २०२४ मध्ये याच गावात, पीडितांचे बोलणे तीन मिनिटांपलीकडे गेले म्हणून पर्यावरण मंत्रालयाच्या कर्मचाऱ्यांनी त्यांचा माइक बंद केला, आणि त्याबद्दल मंत्र्यांना पुन्हा येथे येऊन माफी मागावी लागली.