तीन ओढ्यांची वही, नोंद चौथी: काच, चहा आणि गोठा

मागच्या नोंदीतला एक आकडा आधी खोडा. 'काच' ओढ्याचा पीएच (जितका कमी, तितकं पाणी आम्ल) मी 6.4 लिहिला होता, तो 5.3 आहे. पेनसारखा मीटर पाण्यात बुडवला, अर्ध्या मिनिटात आकडा थांबल्यासारखा वाटला, बोटं गारठली होती, म्हणून तोच वहीत उतरवला. जानेवारीत क्रिस्तियानसानजवळच्या ओढ्यात हात घालून उभं राहिलं की माणूस कुठलाही आकडा खरा मानतो.

मीटर मात्र बिघडलेला नाही. दक्षिण नॉर्वेच्या या पाण्यात क्षारच इतके थोडे की इलेक्ट्रोडला धरायला काही सापडत नाही, आकडा सावकाश खाली घसरत राहतो. ढवळलं तर वेगळा, स्थिर ठेवलं तर वेगळा. थेंबांचं किट तर याहून फसवं, कारण त्यातला रंगच अशा पाण्याचा पीएच हलवतो. सांगलीच्या घरी बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, पाचशेच्या वर. त्यात लिंबाचे चार थेंब पिळले तरी पीएच ढिम्म. 'काच'चा टीडीएस आहे 9. नऊच, पुढचा शून्य राहिलेला नाही.

आता अशी पद्धत ठेवली आहे: कप काठोकाठ भरायचा, मीटर आत ठेवायचा, ढवळायचं नाही आणि दहा मिनिटं थर्मासमधला चहा प्यायचा. केएच, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, थेंबांच्या किटने मोजताना नेहमीच्या 5 मिलीऐवजी 20 मिली पाणी घेतो, म्हणजे एक थेंब एक डिग्रीऐवजी पाव डिग्रीचा होतो. तरीही 'काच'मध्ये पहिल्याच थेंबाला रंग पालटतो. याचा अर्थ आम्ल पचवायची ताकद जवळपास नाहीच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: तिन्ही ओढे तोवदाल नदीला मिळतात, नावं माझी. 'काच' उघड्या कातळावरून येतो, तळातला खडा न् खडा दिसतो. 'चहा' दलदलीतून येतो, रंग कोऱ्या चहाचा. 'गोठा' सगळ्यात खाली, कुरणांमधून.

16 फेब्रुवारी

आठवडाभर समुद्राकडून वादळी वारा होता. आज 'काच'चा टीडीएस 15 निघाला. पाण्याला थोडं अंग आलं म्हणून खूश झालो, आणि पीएच बघितला तर 5.0. क्षार वाढले आणि आम्लताही वाढली! घरी मासे पाळायच्या टाकीचा अनुभव इथे उलटाच पडतो.

उत्तर मातीत आहे. वाऱ्याबरोबर खारे तुषार आत येतात, त्यातला सोडियम जमिनीत मुरतो आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या हायड्रोजनला नि अ‍ॅल्युमिनियमला ढकलून स्वतः जागा घेतो. हुसकलेला माल ओढ्यात येतो. म्हणजे मीठ आकाशातून आलं तरी आम्ल जमिनीचंच. जानेवारी 1993 मधल्या मोठ्या वादळानंतर नॉर्वेच्या नैऋत्य भागात नेमकं हेच होऊन नद्यांत मासे मेले होते.

जमिनीत एवढं आम्ल साठलं कसं, याचं उत्तर दोन भागांत येतं. खालचा खडक ग्रॅनाइट आणि नाइस. हिमनद्यांनी वरची माती खरवडून नेलेली, जी उरली ती वीतभर. हा खडक झिजतो फार हळू आणि झिजला तरी कॅल्शियम हात आखडूनच देतो. आपला दख्खनचा काळा पाषाण त्या मानाने उदार, म्हणून सांगलीचं पाणी जड. सावंतवाडीच्या मामेभावाला हे लगेच पटलं. त्याच्या विहिरीखाली जांभा, पाणी मऊ, पीएच सहाच्या आसपास. टाकीचा पीएच एका रात्रीत कोसळला म्हणून रडकुंडीला येऊन त्याने मला किती फोन केलेत!

दुसरा भाग वरून आला. ब्रिटन आणि युरोपातल्या धुराड्यांतलं गंधक वाऱ्याबरोबर इथे येऊन पडायचं. स्वीडनच्या स्वांते ओडेन यांनी 1967 मध्ये हा संबंध जाहीरपणे मांडला. नॉर्वेने 1972 ते 1980 अशी आठ वर्षं त्याचा मोठा अभ्यास केला. 1979 मध्ये हवेच्या सीमापार प्रदूषणाचा करार झाला आणि पुढच्या दशकांत गंधकाचं पडणं तीन चतुर्थांशांहून जास्त घटलं. आकाश सुधारलं, जमीन अजून सुधारते आहे. इतक्या वर्षांत मातीतून जे कॅल्शियम धुऊन गेलं, ते असा खडक पटकन भरून देत नाही.

8 मार्च

आज चाळणीचा दिवस. घरातली पीठ चाळायची चाळणी (ती आता घरात परत येऊ शकत नाही, तसा निर्णय झाला आहे) प्रवाहात आडवी धरायची आणि वरच्या बाजूचे दगड पायाने हलवायचे. मला हवी होती बेटिस जातीच्या मेफ्लाय या किड्याची पिल्लं. आम्ल पाणी त्यांना सोसत नाही. पीएच साडेपाचच्या खाली राहायला लागला की ती दिसेनाशी होतात, म्हणून इथले अभ्यासक ओढ्याची प्रकृती त्यांच्यावरून ठरवतात. मीटर आजचा पीएच सांगतो, किडा गेल्या कित्येक महिन्यांचा.

'गोठा'त बेटिस भरपूर, गोगलगायीही. 'काच' आणि 'चहा'त एकही नाही, फक्त आम्ल सोसणाऱ्या स्टोनफ्लायची पिल्लं.

'गोठा' एवढा वेगळा कसा? पीएच 6.7, टीडीएस 62. शेतकरी कुरणात चुना टाकतात, त्यातला काही ओढ्यात उतरतो. शिवाय खालच्या सखल भागात कधीकाळच्या समुद्रतळाची चिकणमाती आहे, तीही आम्ल पचवते. इथे ट्राउट मासे दिसतात, पण मला हा ओढा आवडत नाही. काठावरून गाळ येतो आणि खडीच्या फटी बुजवतो. ट्राउटची अंडी त्या फटींतच हिवाळा काढतात, त्यांना वाहतं पाणी लागतं. रसायन झकास आणि बाळंतिणीची खोली बंद.

खरं कोडं बाकीच्या दोघांचं. 'चहा'चा पीएच 5.1, म्हणजे 'काच'च्या जानेवारीतल्या 5.3 पेक्षाही आम्ल. तरी 'चहा'त पोलराइज्ड चष्म्यातून बोटभर लांबीचे तीन ट्राउट दिसले, दगडाआड, अगदी निवांत. 'काच'मध्ये चार फेऱ्यांत एकही नाही.

माशाला मारतं ते बहुतेक वेळा आम्ल नसतं, आम्लाने मातीतून सोडवलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. ते कल्ल्यांवर बसतं, कल्ले चिकट होतात, श्वास अडतो आणि रक्तातलं मीठ बाहेर झिरपतं. दलदलीच्या तपकिरी पाण्यात कुजलेल्या पानांची आणि शेवाळाची आम्लं असतात. तीच पीएच खाली नेतात, पण अ‍ॅल्युमिनियमला घट्ट धरूनही ठेवतात, म्हणून ते कल्ल्यापर्यंत मोकळं पोचत नाही. स्वच्छ पाण्यात त्याला धरणारं कोणी नाही. टाकीत बदामाची पानं टाकून पाणी तपकिरी करणारे आपण लोक, आपल्याला हे सुचायला हवं होतं. पर्यटक मात्र 'काच'चे फोटो काढतात.

29 मार्च

बर्फ वितळतोय. हिवाळाभर साठलेलं आम्ल पहिल्या वितळणीतच बाहेर पडतं, उरलेला बर्फ जवळजवळ निव्वळ पाणी. 'काच' 4.9. किटचा रंग बघायची गरजच उरली नाही.

12 एप्रिल

शेजारचे आजोबा बरोबर आले. सत्तरी ओलांडलेली, चाल माझ्या दुप्पट. त्यांच्या लहानपणी 'लॅक्स', म्हणजे सॅमन, हा म्हाताऱ्यांच्या गप्पांतला मासा होता. तोवदालमधला मूळ सॅमन नाहीसा झाला. आज नदीत जो दिसतो, तो चुना टाकायला लागल्यानंतर पुन्हा वसलेला. औदना नदीत ते काम 1985 पासून चालतं, तोवदालमध्ये 1996 पासून, मांदाल नदीत 1997 पासून.

चुन्याचं यंत्र आज प्रथमच जवळून पाहिलं. काठावर सायलो, म्हणजे उंच कोठी, आत चुनखडीची पूड, प्रवाह वाढला की आपोआप जास्त पडते. खाली काही अंतर पाणी दुधाळ. वसंतात, सॅमनची पिल्लं समुद्राकडे निघतात त्या दिवसांत, नदीचा पीएच एरवीपेक्षा चढा ठेवतात, कारण त्या वयात कल्ल्यांवरचं थोडंसं अ‍ॅल्युमिनियमही महागात पडतं. पिल्लू नदीत ठणठणीत दिसतं आणि खाऱ्या पाण्यात गेल्यावर मरतं.

मग मी आजोबांना माझा लाडका संगम दाखवला, जिथे 'काच' नदीत शिरतो. ओढा 5.2, नदी 6.3, आणि मधल्या पट्ट्यात 5.8. मी फुशारकीने म्हणालो, बघा, इथे मासे ओढ्यापेक्षा सुखात असणार.

ते म्हणाले, "इथे मी कधी गळ टाकत नाही."

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं. आम्ल ओढ्यात विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम चुन्याच्या पाण्याला भेटलं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटायला लागतात. ती प्रक्रिया ताजी असताना, पहिल्या काही मिनिटांत, ते कल्ल्यांवर सर्वांत जास्त बसतं. पीएच चढतोय आणि विष वाढतंय, दोन्ही एकाच जागी. पुढे वाहत गेल्यावर ते निवळतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी असे संगमाचे पट्टे मूळ आम्ल ओढ्याहूनही घातक असल्याचं दाखवून दिलं आहे. आजोबांना हे गळाने कळलं होतं.

त्यामुळे वहीत आता पीएचच्या शेजारी आणखी दोन रकाने आखलेत: पाण्याचा रंग, आणि वरच्या संगमापासून पावलांत अंतर. मे महिन्यात संगमाखाली दर पन्नास पावलांवर चाळणी धरणार आहे, बेटिस कुठून परत दिसायला लागते ते पाहायला. चाळणी नवीन आणावी लागेल. जुनीची जाळी 'गोठा'त फाटली.